दाराच्या नावाने मागितलेलं तेल

काय सांगू आणि कुठून सुरू करू! आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही कुणी जिन्यात भेटलं की आधी नाक वर करून वास घेतं आणि मग विचारतं, "कशी आहेस?" मी आपली हसते आणि पायऱ्या चढते. तुम्ही चहा घ्या हातात, निवांत ऐका. हसायला आलं तर खुशाल हसा. रागावायला माझ्या अंगात आता जीव नाही, आणि असता तरी मला रागावता येत नाही. का, ते शेवटी कळेलच.

आधी घर सांगते. विरार पूर्वेला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर आमचं वन रूम किचन. आमचे हे सकाळी सातला डबा घेऊन निघतात आणि घरी येतात ते जेवण्यापुरते जागे असतात. मी घरीच मशीनवर ब्लाउज शिवते, साडीला फॉल-बीडिंग करते. माझं माहेर माण तालुक्यातलं. गावात शाळा सातवीपर्यंत होती, म्हणून मीही सातवीपर्यंतच. आणि एक मुलगी, तन्वी. अकरा वर्षांची, सहावीत. माझा सगळा जीव तिच्यात, आणि सगळा किस्सापण तिच्याचपायी.

तर झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीनंतर पोर बदलली. आधी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आत तिची बडबड सुरू व्हायची. आता विचारलं तरी कपाटाकडे बघून बोलायची.

"तन्वी, डबा का नाही संपवला?"

"नाही संपवला."

"अगं, तेच विचारतेय, का नाही?"

"तेच सांगतेय, नाही संपवला."

मग माझा आवाज चढायचा. मग धाडकन दार! आता वन रूम किचनमध्ये रागावून जायला जागा ती किती? एकच, बाथरूम. बाई आत जाऊन कडी लावायची ती अर्धा अर्धा तास बाहेर यायची नाही. मी मशीनवर, हातात दुसऱ्याचा ब्लाउज, आणि कान त्या कडीकडे.

समोरच्या सावंतकाकू लगेच दारात. "काय गं, काही पडलं का?"

"नाही काकू, वाऱ्याने दार लागलं."

बाथरूममध्ये कुठला आलाय वारा! पण काकूंनी मान हलवली. त्यांना सगळं माहीत असतं, फक्त आपल्या तोंडून ऐकायचं असतं.

त्यातच शाळेतून फोन. वर्गात लक्ष नाही, चिडते, शेजारच्या मुलीची वही फेकली. झालं! मी मोबाईलवर शोधायला बसले. तुम्ही कधी शोधू नका, हात जोडून सांगते. तिथे जे जे लिहिलं होतं ते ते माझ्या तन्वीला होतंच. एकटं बसणं, चिडणं, भूक नसणं. वाचून वाचून मला वाटायला लागलं, पोर हातातून निसटली. आणि मला साधं कळलंसुद्धा नाही, कारण मी सातवी! शिकलेली आई असती तर ओळखलं असतं तिने. हे असं रोज मनात. झोप नाही, आणि सकाळी पुन्हा हुक-आय लावायला बसायचं.

आणि हे कुणाला सांगायचं? बिल्डिंगमध्ये सांगितलं तर संध्याकाळपर्यंत माझी मुलगी वेडी ठरली असती. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "वय आहे तिचं. मीठ दे जरा."

तेवढ्यात शाळेने पालकसभा ठेवली. एक डॉक्टर मॅडम बोलायला आल्या होत्या. "सकाळी मी मुलांशी बोलले, आता तुमच्याशी," म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं, तिथेच घोळ झाला.

मॅडम म्हणाल्या, आपला मेंदू बराचसा चरबीचाच असतो. मी म्हटलं, अगोबाई! पुढे म्हणाल्या, काही चांगल्या चरब्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, त्या खाण्यातूनच मिळाव्या लागतात. ओमेगा थ्री म्हणतात त्यांना. तारली, बांगडा यांसारखे तेलकट मासे, जवस, अक्रोड. आपली मुलं तेच तेच वडे आणि चिप्स खातात, त्यात हे नसतं. वाढत्या वयात ही चरबी कमी पडली तर चिडचिड, लक्ष न लागणं, झोप न येणं यांत तिचाही काही वाटा असू शकतो, असं म्हणतात.

मी ब्लाउजच्या मापांच्या वहीत भराभर लिहून घेत होते. लिहिता लिहिता पान संपलं. मॅडम पुढे काहीतरी बोलत होत्या, "हे जादूचं औषध नाही बरं का," असं काहीसं, पण माझं लक्ष कुठे? माझ्या डोक्यात एकच, सापडलं! माझ्या पोरीला काही झालेलं नाही, फक्त तेल कमी पडलंय! मशीनचंसुद्धा तसंच असतं की. तेल संपलं की खडखड करतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. जवसाची चटणी, जवसाचे लाडू, उपम्यात जवस. हे चार दिवसांनी म्हणाले, "आपण पक्षी पाळलेत का?" अक्रोड आणले, ते तन्वीपुढे ठेवले की ती एक उचलायची आणि म्हणायची, "आई, तू खाल्लास?"

"तू खा गं!"

"नाही, आधी तू खा."

मला वाटलं, पोरीचा माझ्यावर विश्वास उरला नाही. विष घालतेय की काय आई, म्हणून बघतेय. खाल्ला बाई एक. मग ती म्हणायची, "अजून एक खा." असं करत अर्धी पुडी माझ्या पोटात!

मग मासे. आता खरं सांगते, माझ्या माहेरी मासा म्हणजे वर्षातून कधीतरी कुणी ओढ्यातून धरून आणला तर. तारली कशी दिसते तेही मला ठाऊक नव्हतं. आमच्या गेटवर अर्नाळ्याहून फिलोमामावशी पाटी घेऊन येते. तिला विचारलं.

"तारली?" मावशीने पाटी खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. "फ्लॅटवाली मानसं पापलेट मागतात गो बाय. तारली तुला कोनी सांगितली? काटं लय असतात. आनि वास पन लय."

"असू दे. तेलकट पाहिजे मला."

"मंग ह्याच्यापरी तेलकट काय नाय," म्हणून तिने आठ तारल्या मोजून दिल्या.

रव्यात घोळवून तळल्या. तन्वीच्या ताटात तीन ठेवल्या. आणि मी तिच्या बाजूला बसून काटे काढायला लागले. काय ते काटे! सुईत दोरा ओवणारी मी, पण माझेही डोळे फिरले. अर्धा तास आम्ही दोघी मांडीला मांडी लावून काटे काढत होतो. आणि शेवटी तन्वीने काय करावं? दोन घास खाल्ले आणि बाकीची सगळी तारली उचलून माझ्या ताटात.

"आई, तू खा."

"तुझ्यासाठी केलीय!"

"मला पुरे. तू खा ना. प्लीज."

एवढं आणलेलं, तळलेलं, काटे काढलेलं. टाकून देणार का? आपल्याकडे पोरांच्या ताटातलं उरलेलं कुणाच्या पोटात जातं ते मी काय सांगायला हवं? खाल्लं मी. रोजच खायला लागले. हळूहळू आवडायलापण लागली मेली.

मापांच्या वहीत मी मागच्या पानावर रोज रेघा मारायची. दार आपटलं की एक रेघ. पहिल्या दिवशी पाच. आठवड्याने तीन. पंधरा दिवसांनी एक! बघा! पोर दोन घास खाते तर इतका फरक, पोटभर खाल्लं तर काय होईल? मला चैन पडेना. मग आठवलं, मॅडम म्हणाल्या होत्या की माशाच्या तेलाच्या गोळ्यासुद्धा मिळतात. दुकानात विचारल्या तर वाटाण्याएवढी गोळी आणि किंमत मेलीची केवढी! म्हटलं, अर्नाळ्याची बाई रोज आपल्या गेटवर येते आणि आपण डबीतलं तेल कशाला घ्यायचं?

आता इथे माझा गाढवपणा नीट बघा.

गेटवर फिलोमामावशी, आणि तिच्या पाटीत बोट घालून बोंबील दाबून बघत असलेल्या सावंतकाकू.

"मावशी, माशाचं तेल मिळेल का हो?"

"मिलेल ना. कशाला पायजे?"

सावंतकाकूंचं बोट बोंबलात थांबलं. कान इकडे. आता पोरीच्या डोक्यासाठी म्हणून कसं सांगणार? माझ्या तोंडातून जे निघालं ते निघालं.

"दाराला."

"दाराला?"

"हो. करकरतं फार. आवाज येतो."

"येतो बाई, येतो," सावंतकाकू म्हणाल्या. "आम्हालासुद्धा येतो."

"मंग आनते उद्या," मावशी म्हणाली. "आमच्यात हायच घरी. बाटली पुरंल."

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या सरबताच्या बाटलीत काळपट घट्ट तेल आणून दिलं. "वास येईल हां गो. लावलास की दारंखिडक्या उघडी ठेव."

आणि मी? मी खोटं बोलले होते हे मीच विसरले! एका रात्रीत! डोक्यात फक्त माशाचं तेल, माशाचं तेल. वास येणारच, माशाचं आहे म्हणजे. शनिवारी तन्वीची शाळा लवकर सुटते. म्हटलं, गरमागरम थालीपीठ लावू, कांदा-कोथिंबीर जास्त घालू, वास दबेल. तवा तापला. मी त्या बाटलीतलं चमचाभर तेल सोडलं.

बाई गं!

काय सांगू तो वास! मासा मेलेला असतो हे ठाऊक होतं, पण ह्या तेलातला मासा मरून पुन्हा मरून वर रागावलेला होता. धुराचा एक लोट उठला तो स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून जिन्यात. माझ्या डोळ्यांतून पाणी. तन्वी दप्तरासकट बाथरूममध्ये पळाली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती रागाने नाही, जीव वाचवायला आत गेली. मी गॅस बंद केला, थालीपीठ पिशवीत घालून गाठ मारली, पंखा लावला. पंख्याने काय केलं? उरलेला वास चौथ्या मजल्यावर पोचवला.

पाच मिनिटांत सगळी दारं उघडली. "गॅस आहे!" "गॅस नाही, घूस मेलीय!" "लिफ्टच्या खड्ड्यात!" "अहो, पाण्याच्या टाकीत कबूतर मेलंय, मागच्या वर्षी बाजूच्या बिल्डिंगमध्ये झालं होतं तसं!"

टाकीचं नाव निघालं आणि सगळे खाली धावले. मी खिडकीतून बघते तर सेक्रेटरी राणेकाका गेटजवळच्या खालच्या टाकीचं झाकण उघडून उभे. आत काही दिसत नव्हतं, पण वास तर येतोय म्हणे! काका ओरडले, "टाकी रिकामी करा! सगळं पाणी सोडून द्या! ह्या पाण्याने पोरं आजारी पडतील!"

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. ते सकाळीच आलं होतं. आता सोडलं तर परवापर्यंत सत्तावीस घरं कोरडी! आणि का? तर माझ्या एका चमच्यापायी. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. खरंच सांगते, क्षणभर मनात आलंही. पण सावंतकाकूंची सून आठ महिन्यांची पोटुशी, तिने परवापर्यंत काय करायचं? मी पदर खोचला आणि धावत खाली गेले.

"काका, पाणी सोडू नका! तो वास माझा आहे!"

सगळी बिल्डिंग माझ्याकडे वळली. एकजण तर दोन पावलं मागे सरकला.

"म्हणजे?" राणेकाका.

"म्हणजे माझ्या घरातला. मी थालीपीठ लावत होते."

"थालीपीठ?" काकांनी टाकीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कशाचं?"

तेवढ्यात गेटमधून पाटी घेऊन फिलोमामावशी आत. तिने एकदाच श्वास घेतला आणि तिचा चेहरा खुलला. "होडी कोनी काढलीय गो इथं? दर्या कुठं, नि तेल लावताय कुठं?"

आता सगळी बिल्डिंग तिच्याकडे वळली.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही दिलेलं तेल..."

"हां, तोच वास! आमचा घरवाला होडीच्या लाकडाला लावतो. पानी शिरत नाय लाकडात. लावलास दाराला?"

"तव्यावर लावलं," सावंतकाकू म्हणाल्या.

फिलोमामावशीने पाटी खाली ठेवली. "देवा येजू! अगो, खाल्ला कोनी?"

"नाही, नाही! कुणी नाही!"

"दाराचं तेल तव्यावर गेलं कसं?" राणेकाकांना सगळी नोंद हवी असते. "तूच दाराला मागितलं होतंस ना?"

आता कुठे लपणार? समोर अर्धा फुलपाडा उभा. मला रडूच आलं. महिन्याभराचं सगळं एकदम. "दार कुठे करकरतंय काका! ते तन्वीसाठी होतं. पोर बोलत नाही, चिडते, कोंडून घेते. डॉक्टर म्हणाल्या माशाच्या तेलाने डोकं शांत होतं. मला लाज वाटली, म्हणून दाराला म्हटलं. तारली आणली, जवस आणले, सगळं तिच्यासाठीच..."

"माझ्यासाठी?"

मागे वळून बघते तर तन्वी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, नाकाला रुमाल.

"मग कुणासाठी?"

"मला वाटलं तुझ्यासाठी," ती म्हणाली.

"माझ्यासाठी? मला काय धाड भरलीय?"

तन्वीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "त्या डॉक्टर मॅडम सकाळी आमच्या वर्गात आल्या होत्या ना. त्या म्हणाल्या, माणूस सारखं ओरडत असेल, झोपत नसेल, विसरत असेल, तर त्याला रागावू नका. त्याला त्रास होत असेल. त्याच्याशी बोला, चांगलं खायला द्या, मोठ्यांना सांगा. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, वय आहे तिचं."

फिलोमामावशी जी हसायला लागली, ती पाटीवरच बसली. तिच्या मागून राणेकाका. मग सगळेच. मी एकटीच उभी, डोळ्यांत पाणी, केसांना होडीचा वास.

टाकीचं झाकण लागलं. पाणी वाचलं. अब्रू गेली, पण ती एक दिवसाआडसुद्धा येत नाही, काय करणार?

वर आल्यावर तन्वीने गणिताच्या वहीचं मागचं पान दाखवलं. माझ्या वहीत तिच्या रेघा, तिच्या वहीत माझ्या! "सोमवार, आई सहा वेळा ओरडली. तारली दोन." "गुरुवार, आई तीन वेळा. तारली तीन, अक्रोड चार." "मंगळवार, आई एकदाच, तेपण हळू. तारली चार. काटे मी काढले." दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर ज्या दिवशी मी सहा वेळा, त्या दिवशी दार पाच वेळा. ज्या दिवशी मी एकदा, त्या दिवशी दार एकदा. पोरीने मला महिनाभर औषध चारलं आणि बरी ती झाली!

की तारलीने काही झालंच नाही, आणि अर्धा अर्धा तास शेजारी बसून काटे काढण्यानेच झालं? ते मला नाही सांगता येणार. मी सातवी.

त्या दिवशी मशीन बंद ठेवलं आणि विचारलं, "झालं काय होतं गं तुला?" तर म्हणाली, तिची मैत्रीण दिवाळीत जूचंद्रला राहायला गेली, शाळाही बदलली. आता बेंचवर बाजूला बसते ती मुलगी हिला चिडवते. एवढंच. "मग सांगितलं का नाहीस?" "तू मशीनवर असायचीस. आणि विचारायचीस ते ओरडून."

मी मापांची वही उघडली. त्या दिवशीचं पान संपल्यावर मी पुढच्या पानावर मॅडमचं शेवटचं वाक्य लिहिलं होतं. छाती चौतीस, बाही नऊ, आणि त्याच्या खाली, माझ्याच अक्षरात: सगळ्यात आधी मुलांशी बोला. लिहिलं मीच, वाचलं नाही मीच. वर ब्लाउजसुद्धा त्याच मापाने शिवून दिला होता!

उरलेलं तेल यांनी रविवारी खरोखरच दाराला लावलं. दार चकाचक. फक्त दोन महिने आमच्याकडे पाहुणा नाही.

आणि मी? सुधारलेय बऱ्यापैकी. पण परवा गिऱ्हाइकाचा ब्लाउज तंग झाला, मशीनची सुई मोडली, त्यात दूध उतू गेलं, आणि माझा आवाज चढलाच. "ह्या घरात एक माणूस माझं ऐकत नाही!"

बाथरूमचं दार वाजलं नाही. तन्वीने शांतपणे पुस्तक मिटलं, खिडकीतून मान बाहेर काढली आणि गेटवर बसलेल्या फिलोमामावशीला साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"मावशीऽऽ, आईसाठी सहा तारल्या! आज जरा मोठ्या बघून द्या!"